दहा बोटांची फुले

चित्रकलेच्या एका तासाला किती पाणी लागते, हे मी मोजलेले आहे. एका मुलाला ब्रश बुचकळायला एक डबी, ती गढूळ झाली की दुसरी, आणि शेवटी हात धुवायला दोन तांबे. आमच्या तेवीस मुलांचे मिळून तीन हंडे होतात. मार्चअखेरीस आमच्या पाड्यावर तीन हंडे म्हणजे एका बाईची अख्खी सकाळ. खालच्या विहिरीपर्यंत उतरायचे, झऱ्यात पाणी साठेपर्यंत बसायचे, आपला नंबर आला की वाटीवाटीने भरायचे आणि डोक्यावर घेऊन चढायचे. टँकर यायला अजून अवकाश होता. म्हणून यंदा शिक्षकांच्या ग्रुपवर 'वसंतातल्या फुलांची मुलांसाठी सोपी रंगकामे' असा एक कागद आला, तेव्हा मी सगळ्यात आधी प्रत्येक कृतीपुढे पाण्याचा अंदाज लिहिला.

मला याद्या करायची सवय आहे. सव्वीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकवते आहे आणि त्यातली शेवटची सात सूर्यमाळच्या बाजूच्या या पाड्यावर गेली. शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी. आठवडाभर मी खोडाळ्यात भाड्याच्या खोलीत राहते, शनिवारी दुपारी जव्हारला घरी जाते. अशा आयुष्यात याद्या नसतील तर काही ना काही कायम चुकीच्या गावात राहते.

त्या कागदावर दहा कृती होत्या. बटाटा कापून त्याचा ठसा उठवायचा. पण खायची वस्तू कापून रंगात बुडवलेली इथल्या मुलांना बघवणार नाही, मलाही बघवत नाही. भेंडीचा ठसा छान उठतो, पाच पाकळ्यांचे तयार फूल, पण मार्चमध्ये इथे भेंडी कोणाच्या शेतात आहे? नळीने रंग फुंकून फांद्या करायच्या तर रंग पातळ हवा, म्हणजे पाणी आले. पंजाचा ठसा घेऊन त्याचे ट्यूलिप करायचे. ट्यूलिप मीसुद्धा कॅलेंडरवरच पाहिलेले, आणि पंजा रंगवला की मनगटापर्यंत धुवावे लागते. कागदाची घडी, कापसाचे बोळे, ब्रशचे शिंतोडे, सगळ्यांवर फुल्या मारत गेले. नववी कृती होती अंगठ्याच्या ठशांची. शिक्क्याच्या शाईचे पॅड घ्यायचे, अंगठा टेकवायचा, कागदावर गोल पाच ठसे उठवायचे की फूल. पाणी शून्य. तिच्यापुढे मी बरोबरची खूण केली आणि अगदी समाधानाने पेनाचे टोपण लावले.

रविवारी जव्हारला जेवणाच्या टेबलावर मी नमुने करून पाहिले. अंगठ्याची पाकळी, करंगळीची कळी, तर्जनी आडवी टेकवली की पान. दहाही बोटे वापरली तर अख्खी फांदी होते. आमचे हे हातातला पेपर बाजूला ठेवून बघत बसले होते. म्हणाले, "फुलं काढतेयस की कोणाला जमीन लिहून देतेयस?" मी हसले. दहा बोटांच्या दहा फुलांचा एक नमुना चांगला जमला, तो मी बॅगेत ठेवला.

सोमवारी खोडाळ्यातून एक लाल पॅड विकत घेतले. जांभळे शाळेच्या टेबलावर होतेच. सही न येणाऱ्या पालकांचे अंगठे घ्यायला ते लागते. मंगळवारी शेवटच्या दोन तासिका या कामाला दिल्या.

शाळेच्या मागे पळस पेटलेला होता. त्या दिवसांत सगळा डोंगर वाळका असतो, पाने झडलेली, माती भाजलेली, आणि मध्येच हे असे एखादे झाड. मुलांनी ओट्यावर पळसाची फुले आणून ओतली, काटेसावरीचीही आणली. मी तीन सूचना दिल्या. जोरात दाबू नका. बोटे कपड्यांना पुसू नका. कागदाच्या मागे नाव लिहा. बोटांची शाई कशी निघेल, हे मी सांगितले नाही. दोन-तीन दिवसांत ती आपोआप जाते, त्यात सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही.

लाल पॅडवर झुंबड झाली. पळस लालच असतो, त्यामुळे सगळ्यांना लालच हवे होते. तिसरीतली एक मुलगी मात्र जांभळे पॅड घेऊन दाराशी जाऊन बसली. वय नऊ, हाडापेराने लहान, अक्षर वर्गात सगळ्यात चांगले. तिचे आईवडील धाकट्या भावाला घेऊन दिवाळीनंतर भिवंडीच्या पुढे वीटभट्टीवर गेलेले होते. ही आजीजवळ राहत होती. आमच्याकडे दिवाळी झाली की घरेच्या घरे भट्टीवर जातात, शिमग्याला चार दिवस येतात, आणि परत जातात ती पावसाच्या तोंडाला येतात. मुले बरोबर जातात, त्यांचे वर्ष जाते. म्हणून दरवर्षी दिवाळीआधी मी घरोघर जाऊन सांगते, एखाद्या मुलाला तरी मागे ठेवा. यंदा पाच घरे फिरले, तीन मुले राहिली. माझ्या वहीत 'थांबलेली मुले' असे पान आहे, त्यावर पहिले नाव हिचे होते. बाकीच्यांना तीन-तीन चकरा माराव्या लागल्या. हिची आजी मात्र पहिल्याच शब्दाला हो म्हणाली होती. मला वाटले, या वर्षी आपल्याला बोलायचे जमले.

तिचा कागद मी पाहिला तेव्हा तिने दहाही बोटांनी फांदी भरून टाकली होती. बाजूचा मुलगा म्हणाला, "बाई, हिचा पळस जांभळा हाय. असला कुठं असतो?"

"हा सांजचा हाय," ती मान वर न करता म्हणाली.

मग सगळे आपापले अंगठे एकमेकांच्या अंगठ्यांशी ताडून पाहू लागले. कोणाच्या रेषा गोल, कोणाच्या तिरक्या. तिने अंगठा माझ्यापुढे धरला आणि सांगितले की आजीच्या अंगठ्याला रेषाच नाहीत, रेशन दुकानातल्या मशीनला तो दिसत नाही, यांच्या घराचे धान्य हिच्या अंगठ्यावर मिळते. परवा धान्य आहे, मीच जाणार. हे तिने मला स्पष्ट सांगितले आणि मी ते स्पष्ट ऐकले. मला ती फुशारकी वाटली. मी म्हटले, "अगं वा," आणि फोटो काढायला पुढच्या मुलाकडे वळले. त्या दिवशी मला सुटायच्या आत तेवीस फोटो काढून ग्रुपवर पाठवायचे होते.

बुधवारी ती शाळेत आली नाही. गुरुवारीही आली नाही, पण त्या दिवशी ती दुकानात जाणार हे माहीत होते, म्हणून मी गैरहजेरी लावली आणि विषय सोडला. शुक्रवारीही तिची जागा रिकामी दिसली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी पाड्यावर गेले.

आजी ओट्यावर बसून नागली पाखडत होती. थोडीशीच होती, सुपाच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी. मुलगी आत कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली होती. मला पाहून ती उठली, पण पुढे आली नाही.

आजीने मला बस म्हटले नाही. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "बाई, पोरीचा आंगठा काहाला घेतला? कोनत्या कागदावर घेतला?"

मी सांगितले की कागद कसला नाही, चित्र होते, फुले काढली. आजीने ते ऐकून घेतले. मग तिने जे सांगितले ते मी तिच्या क्रमाने लिहिते. मंगळवारी पोर घरी आली ती दहाही बोटे जांभळी करून. बोटावरून न निघणारी शाई आजीने एकाच ठिकाणी पाहिलेली होती. मतदानाला. "मताच्या दिशी बोटाला शाई लावतात. मंग परत मत नाय देऊ देत. शाई दिसली का म्हनतात, डोकरे, तुजा झाला, चल घरी." परवा धान्याला जायचे, आणि पोरीच्या सगळ्या बोटांना शाई. दुकानदार बघेल आणि म्हणेल, हिचा अंगठा या महिन्याचा देऊन झाला. म्हणून शाई गुरुवारच्या आत निघायला हवी होती.

पाणी हंडाभरच होते आणि ते प्यायचे होते. तेव्हा कोरड्यानेच घासायचे. आधी राख लावून पाहिली. मग वाळू. मग टाचा घासायचा खरबरीत दगड. पोर आधी स्वतःच घासत होती. तिला जमेना तेव्हा आजीने हात मांडीवर घेतला आणि एक एक बोट घासले. जांभळे निघाले. त्याच्याखालचे कातडेही निघाले.

"रडली का?" मी विचारले. का विचारले, कोण जाणे.

"रडंल कशाला? तिलाच घाई होती."

गुरुवारी दोघी दुकानात जाऊन आल्या. मशीनने एकही बोट घेतले नाही.

मी फडकी सोडून पाहिली. अंगठे आणि तर्जन्या लालभडक, ओलसर. बाकीची बोटे सोललेली नव्हती पण टोके गुळगुळीत, चकचकीत झालेली. रेषा नावालाही नव्हत्या. माझ्या पर्समध्ये मलमाची ट्यूब असते, ती लावली. दोन दिवस थांबला असता तर शाई आपोआप गेली असती, हे वाक्य माझ्या तोंडात आले होते. मी ते गिळले. ते सांगायची वेळ मंगळवारी होती.

हातात असलेल्या दिवसांचा हिशेब मी तिथेच केला. महिना सोमवारी संपणार होता. त्या महिन्याचे धान्य त्या महिन्यात उचलले नाही तर ते बुडते, पुढच्या महिन्यात मिळून येत नाही. शनिवारी सकाळची शाळा मी सहकारी गुरुजींवर सोपवली आणि दोघींना घेऊन जीपने दुकानाच्या गावी गेले. त्या घराचे धान्य मिळवून द्यायचे, एवढे एकच काम मी त्या दिवशीच्या पानावर लिहिले होते.

रांगेत पंचवीसेक माणसे होती. मशीन खिडकीच्या कठड्यावर ठेवलेले, कारण रेंज तेवढ्याच जागी येते. दुकानदार तरुण होता आणि चांगला होता, हे मला लिहायलाच हवे. तो म्हणाला, "मॅडम, मी हिला ओळखतो, हिच्या आजीला ओळखतो. माझ्या हातात असतं तर गुरुवारीच पोत्यात माप घातलं असतं. पण मशीननं हो म्हटल्याशिवाय माझ्या मापाला अर्थ नाही." डोळे बघून धान्य देणारे यंत्र काही ठिकाणी आल्याचे मी ऐकले होते; त्याच्याकडे ते नव्हते. रेशनकार्डाला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपीचे आकडे मागवता येतात, पण तो नंबर वडिलांच्या जुन्या सिमचा होता, आणि ते सिम केव्हाच बंद पडलेले.

मग बोटे लावून बघायची, एवढेच उरले. आधी आजीची. तिची दहाही बोटे मी स्वतः पुसली, केसांवरून फिरवली, तेलाचे बोट लावले. रांगेतल्या बायका सांगत होत्या ते सगळे केले. मशीन लाल दिवा दाखवत राहिले. मग मुलीची. मी म्हणेन ते बोट ती पुढे करत होती, वर्गात पाढे म्हणताना करते तसे, क्रमाने, न चुकता. उजवी करंगळी. नाही. अनामिका. नाही. रांग खोळंबली होती. मागून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "आमच्या टायमाला मास्तर आंगठे सोडवून सही शिकवायचा. आता बाई शाळेत आंगठेच शिकवते काय?"

रांगेत हशा पिकला. आजीसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून. पाड्यावर सगळ्यांना सगळे कळलेले होते.

आठव्या की नवव्या बोटाला काचेवर ओले डाग उमटले. दुकानदाराने ते आपल्या शर्टाच्या टोकाने पुसले आणि मशीन उचलून आत घेतले. "आता नका लावू मॅडम," तो हळू म्हणाला. "पोरीला दुखतंय."

मुलगी म्हणाली, "नाय दुखत."

दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी पुरवठ्याच्या कामातल्या एका ओळखीच्या कारकुनाला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि नीट सांगितले. ज्यांचे ठसे उठत नाहीत अशा म्हाताऱ्या माणसांसाठी सवलत असते. ओळखीचा विश्वासू माणूस नेमून त्याच्या अंगठ्यावर धान्य उचलता येते. त्यासाठी अर्ज, फोटो, कार्डाची प्रत, सरपंचांचे पत्र. पण ते मंजूर होऊन सुरू व्हायला एखादा महिना जाईल, मार्चचे आता काही होणार नाही. "आजीबाईंचा अर्ज दोन वर्षांपूर्वीच करायला हवा होता ना मॅडम," तो म्हणाला. त्याचे बरोबर होते. मी दोन वर्षांत त्या ओट्यावर निदान दहादा गेले असेन. दाखला, हजेरी, गणवेश, सगळे विचारले. घरात धान्य कोणाच्या बोटावर येते, हा प्रश्न माझ्या कुठल्याही यादीत नव्हता.

मी चारही कागदांची यादी केली आणि खोडाळ्यात येऊन किराणा घेतला. दहा किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, तेल, मीठ, साबण. संध्याकाळच्या जीपने परत पाड्यावर गेले. त्या शनिवारी मी जव्हारला गेले नाही.

आजीने तांदूळ घेतले. नको वगैरे म्हणाली नाही. कणगीत ओतले, पिशवी झटकून घडी करून मला परत दिली. मग म्हणाली, सोमवारी पोरीचा चुलता येतोय, पिकअप घेऊन. भट्टीवर माणसे घेऊन परत जाणार आहे. त्याच्यासंगं हिला धाडते.

मी वाद घातला. मला वाद घालता येतो, माझ्याकडे मुद्दे असतात. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. शाळेत दुपारचे जेवण मिळते, म्हणजे तिच्या एका वेळचा प्रश्न नाही. बोटे दोन-तीन आठवड्यांत भरून येतील, नवे कातडे येईल, त्याच रेषा परत येतात, पुढच्या महिन्याला मशीन घेईल. तोवर तांदूळ मी आणून देईन.

"कवर आनाल?" आजी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमची बदली झाली का मंग? आनि रेषा नाय आल्या मंग?"

"येतात, आजी. नक्की येतात."

"हिच्या आईच्या नाय आल्या. भट्टीच्या मातीनं खाल्ल्या. बापाच्या बी तशाच. म्हनून तर हिला ठेवली ना, बाई."

मला आधी कळले नाही. मी म्हटले, शाळेसाठी ठेवली.

आजीने माझ्याकडे पाहिले, वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ मुलाकडे मी बघते तसे. "आंगठ्यासाठी ठेवली. घरात एकाचा तरी उठाया नको? पोराचा अजून आधारला घेतलेला नाय, तो ल्हान. हिचा उठत होता. ही हितं ऱ्हायली का माझं पोट चालतं, तिचं चालतं. शाळेत बी जात होती, ते बरंच झालं. आता आंगठा नाय, तर हितं दोन तोंडं कशाला? तिकडं आईबापाजवळ खाईल."

मुलगी तिथेच बसली होती. तिला यात नवे काहीच नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसले. तिला हे माहीत होते, आजीला माहीत होते, बहुतेक पाड्याला माहीत असणार. एकट्या मला माहीत नव्हते. तिच्या बोटांचे ठसे आधारला नोंदवले गेले तेही माझ्याच शाळेतल्या शिबिरात, माझ्या देखरेखीखाली. तेव्हा आजी दिवसभर उन्हात बसून राहिली होती आणि शेवटी मला पाया पडून गेली होती. शिक्षणाची आस्था, असे मी त्या वेळी कुठल्याशा अहवालात लिहिलेले आठवते.

मी खोलीवर परत आले. मुद्दे सगळे संपले होते. तिला सक्तीने ठेवून घ्यायचा कुठलाच मार्ग नव्हता, आणि असता तरी मी तो वापरला नसता असे मला आता वाटते. त्या घरात दोन तोंडे होती आणि कणगीत माझे दहा किलो. तिसरे काही नव्हते.

सोमवारी सकाळी मी तिचे स्थलांतराचे कार्ड भरले. बाहेरगावी जाणाऱ्या मुलाला आम्ही ते देतो, म्हणजे तिथल्या जवळच्या शाळेने त्याला बसवून घ्यावे. तिचे वजन, उंची, वाचन कुठवर आले, गणित कुठवर आले. वाचनापुढे मी 'उत्तम' लिहिले. कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घातले आणि फाट्यावर जाऊन उभी राहिले.

पिकअपमध्ये आधीच दहा-बारा माणसे होती, भांडी, गोधड्या, एक शेळी. चुलता खाली उतरला आणि माझ्या हातातून कार्ड घेऊन खिशात ठेवू लागला. मी ते परत घेतले आणि मुलीच्या पिशवीत, कपड्यांच्या घडीत ठेवले. भट्टीजवळ शाळा आहे का, असे त्याला विचारले. आहे म्हणतात, तो म्हणाला, रोडच्या पल्याड. मोठा रोड आहे.

तिच्या बोटांवरची फडकी आजीने काढून टाकली होती. खपल्या धरल्या होत्या. मी तिला मलमाची ट्यूब दिली, दिवसातून दोनदा लाव म्हटले, माती लागू देऊ नकोस म्हटले. वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलीला मी हे सांगत होते. तिने मान डोलावली.

"बाई, तिथं बोअर हाय," ती म्हणाली. "आई सांगं. पाहिजे तेवढं पानी. हात धुवायला बी."

मग तिला वर उचलून घेतले आणि गाडी निघाली. ती टेकायला जागा शोधत होती, त्यामुळे मागे पाहायचे राहून गेले.

शाळेत बावीस मुले उरली. ग्रुपवर आमच्या शाळेच्या फोटोंना खूप अंगठे आले; पाणी न लागणारी कृती म्हणून दोन शाळांनी ती उचललीही. मी दोन्ही शिक्षिकांना फोन करून सांगितले की मुलांच्या घरी आधी विचारा, धान्य कोणाच्या अंगठ्यावर येते, आणि शाई आपोआप निघते हे पालकांना निरोप पाठवून सांगा. एकीने मनापासून ऐकले. दुसरी म्हणाली, मॅडम, तुम्ही फार बारीक विचार करता.

आजीचा अर्ज मात्र मी सोडला नाही. सरपंचांचे पत्र दुसऱ्या दिवशी, फोटो खोडाळ्यात, कार्डाची प्रत मोखाड्यात. दोनदा फोन, एकदा स्वतः चक्कर. शेजारच्या घरातली सून तिच्या वतीने धान्य उचलायला तयार झाली. एप्रिलचे धान्यही बुडालेच, तेवढे तांदूळ मी दिले. मे महिन्यात मंजुरी आली आणि पहिल्यांदा त्या घरात धान्य आले ते घरातल्या कोणाचे बोट न लागता आले. शेजारच्या सुनेने मला फोन करून सांगितले. मला बरे वाटले. अर्ज केला, तो मंजूर झाला, काम पूर्ण झाले.

त्याच दिवशी दुपारी मी मुलीच्या वडिलांना फोन लावला, चुलत्याकडून घेतलेल्या नव्या नंबरावर. मला ही बातमी स्वतः द्यायची होती, आणि जूनमध्ये तिला शाळेत पाठवायचे, मागचे मी भरून काढीन, हेही सांगायचे होते. त्यांच्या मागे पंपाचा आवाज येत होता. मी सगळे समजावून सांगितले. आता आजींना अंगठा लागणार नाही. कोणाचाच लागणार नाही. शेजारणीच्या अंगठ्यावर महिन्याच्या महिन्याला मिळत जाईल.

त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आईचे कायमचे झाले का, परत बंद तर पडणार नाही ना? मी म्हटले, नाही पडणार.

"लई काम केलं बाई तुम्ही," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "माझ्या जिवाला तेवढाच घोर होता. म्हातारीच्या पायी पोरीला मागं ठेवाया लागं."

मी मुलीच्या शाळेचे विचारले. इथल्या शाळेत घातले का? नाही, रोड ओलांडायचा म्हणजे गाड्या फार. पावसात गावी येऊ, तेव्हा धाडतो तुमच्याकडे. भात लावून होईपर्यंत, कापून होईपर्यंत येईल की शाळेत.

"आणि दिवाळीनंतर?"

"दिवाळीनंतर संगंच आनू," ते म्हणाले. "आता तिला मागं ठेवायचं काम ऱ्हायलं नाय."